खंडेनवमीचं पाणी

आमच्या कारखान्यात पावसाची वाट बघणारे पुष्कळ होते, पण पावसावर डूख धरून असलेली बाई एकच. साळुंखे अक्का. मे महिन्यात भाजून निघालेला जळगावचा माणूस ढग दिसला की हरखतो. अक्काही वर बघायच्या, पण शेजारणीनं आपल्या दारात केर लोटल्यावर बघतात तशा. "आला मेला," म्हणायच्या आणि छत्री उचलून अंगणात निघायच्या.

ही छत्री बाराही महिने त्यांच्या हातात असे. डोक्यावर धरलेली मी फारशी पाहिली नाही. तिच्या टोकानं त्या गटारांची तोंडं उकरायच्या, जाळीत अडकलेली पिशवी उचलायच्या आणि कामाच्या वेळी मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेल्याला पाठीत हळूच टोचायच्याही. दुसऱ्या हातात कान तुटलेला पांढरा कप. गटारातलं पाणी कपात घ्यायचं, उजेडाकडे धरायचं, पर्समधून रंग बदलणारी कागदी पट्टी काढून त्यात बुडवायची. पट्टी लाल झाली म्हणजे पाण्यात आम्ल आहे. त्याच पर्समध्ये बडीशेपेची डबी असे आणि पाणी बघून झालं की त्याच हातानं त्या आम्हाला बडीशेप देत. मी कधी घेतली नाही.

कारखाना जळगावहून एरंडोलकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मी तिथे डिस्पॅचला होते. लोखंडी खांब, जाळ्या, चॅनल यांना जस्ताचा मुलामा द्यायचं आमचं काम. माल आधी आम्लाच्या टाक्यांत बुडवून त्याचा गंज काढायचा, धुवायचा आणि मग भट्टीत बसवलेल्या, वितळलेल्या जस्ताच्या मोठ्या कढईत सोडायचा. ती कढई सणावारीही थंड होऊ देत नाहीत. जस्त आत गोठलं तर कढई कामातून जाते. शिवाय त्या खदखदत्या जस्ताला पाणी लागलं तर ते फुटून उडतं आणि आसपास माणूस असेल तर तो उरत नाही. नवीन आलेल्या प्रत्येकाला हे पहिल्या दिवशी सांगत.

अक्का मूळच्या धुळ्याच्या, देवपूरच्या. केमिकल इंजिनीअर. कारखान्यातून बाहेर जाणाऱ्या पाण्याची जबाबदारी त्यांची. राहायच्या एरंडोलला खोली घेऊन आणि शनिवारी एसटीनं घरी जायच्या. ऑफिसात त्यांची मराठी शाळेतल्या बाईंसारखी, पण राग आला की तोंडातून थेट अहिराणी बाहेर पडे. त्यामुळे त्यांचा राग कामगारांना बरोबर कळायचा आणि साहेबलोकांना अर्धाच.

त्यांचा सगळा जीव दोन पाण्यांत होता. छपरावर पडलेलं पाणी आणि अंगणात पडलेलं पाणी. छपराचं पाणी पाइपातून सरळ नाल्यात जाई. अंगणात आम्लाचे थेंब, गंज, डिझेल, काय काय सांडलेलं असतं, म्हणून तिथलं पाणी आधी सिमेंटच्या टाकीत थांबवायचं, तपासायचं, लागेल तसा चुना घालायचा आणि मगच पुढे सोडायचं. "या दोघांची सोयरीक मी जिवंत आहे तोवर होणार नाही," असं त्या म्हणत. सोयरिकीचं त्यांना वेडच. स्वतः लग्न केलं नव्हतं, पण डबा खाताना त्यांनी कारखान्यातली निम्मी लग्नं जमवली. माझ्यासाठी पारोळ्याचा एक शिक्षक आणला होता. मी नाही म्हटल्यावर आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

पाण्याचा विषय निघाला की मात्र हीच बाई अंगावर यायची. एकदा सोनगीरकडचा एक ट्रकवाला आम्लाचे कॅन उतरवून झाल्यावर आमच्याच अंगणात नळी लावून गाडी धुवायला लागला. अक्कांनी नळ बंद केला आणि त्याच्या केबिनमध्ये चढून बसल्या.

"काय रे भाऊ, हाई पानी कोठे जाई, माहीत शे का तुले?"

"नालीम्हा जाई, आखो कोठे!"

"आनि नाली कोठे जाई?"

"ते माले काय माहीत?"

"माहीत करी ले. तवलोंग मी आठेच बठेल शे."

ट्रकवाल्यानं आधी आवाज चढवला, मग मला मध्यस्थी करायला सांगितलं. मी कुठली करतेय! शेवटी त्यानं भुसा टाकून सांडलेलं सगळं टिपून काढलं, पोत्यात भरलं, तेव्हा त्या खाली उतरल्या. उतरताना त्याला बडीशेप दिली आणि लग्न झालंय का विचारलं.

नाली कुठे जाते हे अक्कांना तोंडपाठ होतं, कारण त्या ते अंतर पायी चालल्या होत्या. कुंपणाबाहेर नाला, नाल्याच्या खालच्या अंगाला एक लहान वस्ती आणि वस्तीची एकुलती विहीर अगदी नाल्याच्या काठाला. तिथले सुकदेव नाना एकदा काठी घेऊन आमच्या गेटवर आले होते. नाल्यात फेस आला होता. पंचाहत्तरीकडे झुकलेला, धोतर आणि मळकी टोपी घातलेला माणूस, आणि आवाज असा की गेटवरचे शेख चाचा खुर्चीतून उठून उभे राहिले.

"तुम्हनं पानी आमना नालाम्हा काबर सोडतस? आमना ढोरे हाई पानी पितस!"

अक्का त्यांना आत घेऊन आल्या नाहीत, स्वतःच बाहेर गेल्या. नानांबरोबर नाल्याच्या कडेनं वर वर चालत गेल्या, ठिकठिकाणी कप बुडवत. फेस आमचा नव्हता, आणखी वरून कुठून तरी येत होता. दुसरा कोणी असता तर हात झटकून परत आला असता. अक्का म्हणाल्या, "नाना, आज हाई आम्हनं नही. पन ज्या दिन आम्हनं पानी खराब ऱ्हाई, त्या दिन मी सोता यीसन सांगसू."

स्वतः येऊन सांगण्याचा तो शब्द नानांनी मान डोलावून घेतला. त्यानंतर नाल्याचा रंग जरा बदलला की नानांचा फोन अक्कांना यायचा, आणि अक्का "आपलं नाही, नाना, पिऊ द्या ढोरांना," म्हणाल्या की तिकडे विषय संपायचा. माझ्या देखत कितीतरी वेळा असं झालंय. त्या एका वाक्यावर वस्ती पाणी पीत होती, आणि मला त्याची भीतीच वाटायची. एवढा विश्वास कोणावर ठेवू नये माणसानं, आणि कोणी ठेवलाच तर झोप लागू नये.

कुंपणापाशी, जिथे अंगणाचं पाणी नाल्याला मिळतं, तिथे एक लोखंडी झडप होती. वर गाडीच्या स्टीअरिंगसारखं चाक. ते फिरवलं की आट्यांच्या दांड्यावरून पोलादी पत्रा खाली उतरायचा आणि गटाराचं तोंड बंद व्हायचं. काही सांडलं, टाकी भरली की पहिलं काम झडप बंद करायचं. म्हणून शेख चाचांनी रोज सकाळी ती एकदा बंद करून पुन्हा उघडायची आणि दांड्याला ग्रीस लावायचं, हा अक्कांचा नियम होता. चाचा नमाज चुकवतील पण झडप चुकवणार नाहीत, असं आम्ही चेष्टेनं म्हणायचो.

त्या वर्षी नवरात्रात अक्का दोन दिवस देवपूरला गेल्या. देवीचा नैवेद्य होता आणि आईची तब्येतही बरी नव्हती. खंडेनवमीला सकाळी परत येणार होत्या.

खंडेनवमीला आमच्याकडे मोठी पूजा. यंत्रं धुऊन पुसून त्यांना झेंडूच्या माळा घालतात, कामगार बायकापोरांना घेऊन येतात, प्रसाद होतो. त्याच्या आदल्या दिवशी सगळा कारखाना धुतला गेला. आम्लाच्या शेडमध्ये वर्षभराचा गाळ कोपऱ्याकोपऱ्यात बसलेला. पोरांनी उत्साहानं नळ्या लावून तो सगळा अंगणात काढला. फरशी अशी चकाचक झाली की मीसुद्धा वाहवा केली. धुण्याचं पाणी टाकीत गेलं आणि टाकी काठोकाठ भरली. ती रिकामी करणारा माणूस रांगोळीच्या तयारीत होता.

आणि आमचे मॅनेजर चौधरी साहेब रंगाऱ्यांना म्हणाले होते, "जे जे लोखंडी दिसेल ते रंगवा. सण आहे." रंगाऱ्यांनी ते शब्दशः केलं. कठडे रंगवले, शिड्या रंगवल्या आणि कुंपणापाशी जाऊन झडपेचं ग्रीस स्वच्छ पुसून चाक, दांडा, आटे, सगळ्याला लाल तेलरंगाचे दोन जाड हात दिले. चाचा सकाळी गेले तर रंग ओला. एवढ्या सुंदर कामाला बोटं कशी लावायची म्हणून ते परत आले. दुसऱ्या दिवशी चाकाला झेंडूची माळ होती, कुंकू होतं. मग तर कोण हात लावतंय?

नवमीला आरती चालू असताना आभाळ एकदम काळं झालं. परतीचा पाऊस तो, येतो तेव्हा विचारून येत नाही. अक्का नुकत्याच बसमधून उतरून आल्या होत्या. देवीला नेसलेलं हिरवं लुगडंच अंगावर. त्यांनी पूजेकडे पाहिलंच नाही. अंगणाच्या कडेला साचलेल्या तांबूस गाळाकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं, आणि आरतीच्या मधोमध ओरडल्या, "झडप! चाचा, झडप बंद करा!"

चाचा धावले. पावसाचा पहिला सडाका आला तेव्हा ते चाकाला लोंबकळत होते. चाक हलेना. अक्का पोचल्या, मी पोचले. माळ तोडून फेकली. दोघे तिघे भिडले, पाइप घालून जोर लावला. आटे रंगात चिकटून बसले होते.

"रंग गीला था, अक्का," चाचा रडकुंडीला आले होते. "हाथ कैसे लगाता?"

अक्कांनी चाकावरचा हात काढला. मला म्हणाल्या, "वैशाली, तुझ्या गोदामातली ताडपत्री आण. गोकुळला सांग, फोर्कलिफ्टनं चुन्याची पोती घेऊन ये." गटाराच्या तोंडाशी ताडपत्री लावून त्यावर पोती रचली. पाणी थांबलं. नाल्यात जाणारी तांबडी धार बंद झाली. मला वाटलं, सुटलो.

पण थांबलेलं पाणी कुठेतरी जाणारच. पावसाला खळ नव्हता. अंगण भरायला लागलं. अक्का भरल्या पाण्यात चुना ओतून घेत होत्या, फावड्यानं ढवळून घेत होत्या आणि कप बुडवून पट्टी बघत होत्या. लाल. पुन्हा चुना, पुन्हा पट्टी. लालच. पाणी माझ्या घोट्यावर आलं, मग पोटरीवर. नवीन कपडे घातलेली पोरं आयांच्या कडेवर चढून रडत होती. गेटबाहेरचा रस्ताही तुंबलेला, त्यांना पाठवायचं तरी कुठे?

चौधरी साहेब पळत आले. पांढरे पडले होते ते. "मॅडम, पाणी भट्टीच्या शेडच्या उंबऱ्याला लागलंय. कढईच्या खड्ड्यात उतरलं तर तिच्याखाली जाईल. दोन माणसं आत आहेत, कढईवर झाकण घालतायत, बाहेर यायला तयार नाहीत. पोती काढा."

"थोडं थांबा. पट्टी अजून लाल आहे."

"मॅडम, बायकापोरं आहेत इथे!"

अक्का कप हातात धरून उभ्या राहिल्या. एकीकडे भट्टीची शेड, दुसरीकडे कुंपणापलीकडचा नाला, आणि त्या दोन्हीकडे आळीपाळीनं बघत होत्या. आजपर्यंत या बाईला मी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मग त्यांनी पट्टी पाण्यात टाकून दिली.

"गोकुळ, साखळी लाव. पोती ओढ."

गोकुळनं फोर्कलिफ्ट चालू केली नाही. "अक्का, तुम्हीच तं सांगतस, काही झालं तरी..."

"ओढ म्हणते ना! मी सांगतेय, ओढ!"

पोती निघाली. ताडपत्री फाटली आणि अंगणभर तुंबलेलं पाणी भसकन नाल्यात गेलं. शेडच्या उंबऱ्यावरून पाणी उतरलं, आतली दोन माणसं बाहेर आली, त्यांच्या बायकांनी त्यांना धरून हंबरडा फोडला. सगळे वाचले. कोणी तरी देवीचा जयजयकारही केला. अक्का त्यात नव्हत्या. त्या माझी स्कूटी कुठे आहे ते विचारत होत्या.

चौधरी साहेब आडवे आले. "मॅडम, कुठे निघालात? पावसाचं पाणी आहे, एवढ्या लोंढ्यात पातळ होऊन वाहून जाईल. वस्तीत जाऊन बोभाटा करू नका. कंपनी बंद पडेल. इथल्या सगळ्यांची पोटं आहेत हो."

ते काही वाईट माणूस नव्हते. आणि पोट मलाही होतं. अक्का एवढंच म्हणाल्या, "साहेब, मी शब्द दिलाय," आणि माझ्या मागे बसल्या.

रस्ता कसला, चिखल होता. शेवटचा भाग आम्ही स्कूटी टाकून पळत गेलो. अक्कांचं लुगडं गुडघ्यापर्यंत लाल झालं होतं. वस्तीवर पाऊस थांबल्यामुळे बाया घागरी घेऊन विहिरीकडे निघालेल्या, नाना गोठ्यातली जनावरं सोडत होते.

"नाना, पानी नका पाजू! हीरनं पानी नका भरू. पानी खराब शे!"

नाना जागीच थांबले. "कोनी सोडं?"

दम लागल्यामुळे अक्कांना बोलता येईना. मी म्हणणार होते, झडप अडकली, रंगाऱ्यांनी रंग लावला, भट्टी होती, पोरं होती. अक्कांनी हातानं मला गप्प केलं.

"मी सोडं, नाना."

"तू?"

"हा. मी."

नानांनी आधी जनावरं परत बांधली. मग विहिरीकडे वळून बायांना हाका मारल्या, "बठ्ठासले सांगा, हीरवर कोनी जाऊ नका!" आमच्याकडे ते पुन्हा आलेच नाहीत. पाणी, चहा काही विचारलं नाही. खानदेशातल्या माणसानं दारात आलेल्याला पाणी विचारू नये, हे मी पहिल्यांदा पाहिलं. विचारणार तरी कुठल्या पाण्याचं, म्हणा.

नाल्यातले मासे मेले. जनावर एकही मेलं नाही, माणसाला काही झालं नाही. कंपनीनं वस्तीला टँकर लावला, विहीर पुन्हा पुन्हा उपसून घेतली. तपासणीला अधिकारी आले तेव्हा आम्हाला सगळ्यांना एकच वाक्य पढवून ठेवलं होतं, की फार मोठा पाऊस झाला. अक्कांनी अधिकाऱ्यांना झडपेपाशी नेलं, रंगात बसलेले आटे दाखवले, टाकी कशी भरली ते सांगितलं आणि पोती काढायला आपणच लावलं हेही सांगितलं. दिवाळीनंतर त्यांच्या खुर्चीत दुसरा माणूस होता. त्यांना काढलं असं कोणी म्हणत नव्हतं. त्या देवपूरला परत गेल्या एवढंच आम्हाला कळलं.

वस्तीवर मात्र त्या दर आठवड्याला येत राहिल्या. स्वतःच्या तिकिटानं, कोणी सांगितलेलं नसताना. विहिरीचं पाणी तपासायचं, चांगलं आहे की नाही ते नानांना सांगायचं आणि परतीची बस धरायची. पाणी थंडीतच स्वच्छ झालं होतं. नाना ऐकून घ्यायचे आणि टँकरखाली बादली लावायचे.

अक्कांना मी शेवटचं पाहिलं ते उन्हाळा लागता लागता. फाट्यावर उभ्या दिसल्या म्हणून मी स्कूटीवरून वस्तीवर सोडलं. वाळल्या होत्या. लग्न कधी करतेस, हेसुद्धा विचारलं नाही, त्याचंच मला वाईट वाटलं. विहिरीवर त्यांनी पाणी काढलं, बघितलं आणि नेहमीसारखं नानांना सांगितलं, "चांगलं शे, नाना."

"माहीत शे," नाना म्हणाले. "मी तं कितला दिनपासून पी ऱ्हायनू."

अक्का बघतच राहिल्या. "मंग टँकर कोनासाठे?"

"ढोरेसाठे. मी बुढा मानूस, मना काय? मी मरसू तं मरसू. पन ढोर मुकं शे, अक्का. त्याले कोन सांगी?"

अक्कांनी कपातलं पाणी ओतून दिलं. पर्स उचलून निघायला वळल्या. तेवढ्यात नाना गोठ्यात गेले आणि म्हैस सोडून घेऊन आले. विहिरीत बादली सोडली, ओढली आणि दगडी कुंडीत ओतली. म्हशीनं आधी पाण्याचा वास घेतला. मग तिनं तोंड खाली घातलं आणि पाणी ओढायला लागली.

अक्का रडत होत्या, उघड, पदरसुद्धा न लावता. नानांनी तिकडे पाहिलं नाही. कुंडी तळाला गेली होती, म्हणून त्यांनी दुसरी बादली सोडली.